गोधडीकाम (परभणी जिल्हा)

गोधडीकाम म्हणजे वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडांचे थर एकावर एक रचून ते हाताने घातलेल्या टाक्यांनी एकजीव करण्याची पारंपरिक वस्त्रकला होय. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील परभणी जिल्ह्यात ही कला प्रामुख्याने ग्रामीण स्त्रियांच्या हाती आहे. आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे ती चालत आली असून तिचे शिक्षण घराच्या ओसरीवरच मिळते. गोधडी ही दीर्घकाळ केवळ घरातील गरजेची वस्तू मानली गेली. तिला बाजारभाव नव्हता आणि ती शिवणाऱ्या स्त्रीची गणना कारागिरांत होत नव्हती. महिला बचत गटांच्या चळवळीनंतर आणि पुनर्वापर केलेल्या वस्तूंना शहरांत मागणी वाढल्यानंतर या कलेकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. मात्र श्रमाचा योग्य मोबदला आणि जुन्या सुती कापडाची घटती उपलब्धता हे दोन प्रश्न तिच्यापुढे उभे आहेत.

नाव

अंथरण्या-पांघरण्याच्या या वस्त्राला मराठीत गोधडी हा सर्वसामान्य शब्द आहे. मराठवाड्याच्या बोलीत त्यासाठी वाकळ हा शब्दही रूढ आहे. चार पदरी गोधडीस चौघडी म्हणतात. तान्ह्या बाळाला गुंडाळण्यासाठी किंवा त्याच्याखाली घालण्यासाठी केलेल्या लहान व पातळ गोधडीस दुपटे असे नाव आहे. पिंजलेला कापूस भरून केलेली दुलई किंवा रजई ही गोधडीहून वेगळी होय. दुलईत ऊब कापसाच्या भरावामुळे येते, तर गोधडीत ती कापडाच्या थरांमुळे आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेमुळे येते. गुजरातीतील गोदडी व हिंदीतील गुदडी हे शब्द मराठी गोधडीचे सोयरे आहेत. कर्नाटकात अशाच वस्त्राला कौदी म्हणतात.

पार्श्वभूमी

परभणी जिल्हा गोदावरी नदीच्या खोऱ्यात असून पूर्णा व दुधना या येथील अन्य प्रमुख नद्या आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला. आज जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पालम, पूर्णा, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर असे नऊ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती व तीपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते.

काळ्या कसदार जमिनीमुळे कापूस हे येथील जुने नगदी पीक आहे. नांदेड-परभणी भागातील ‘गावराणी’ हा देशी कापूस हैदराबाद संस्थानच्या काळापासून प्रसिद्ध होता. मानवत व सेलू ही कापसाच्या व्यापाराची गावे म्हणून ओळखली जातात. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात देशी कापसावर दीर्घकाळ संशोधन झाले असून ‘परभणी तुराब’ (पीए २५५) हा देशी वाण तेथेच विकसित झाला. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर संकरित वाणांचा प्रसार झाला आणि देशी कापसाखालील क्षेत्र झपाट्याने घटले.

कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात सुती लुगडी, धोतरे आणि पागोटी हाच सामान्य कुटुंबाचा पोशाख होता. ही वस्त्रे विरली की त्यांची गोधडी होई. येथील हवामानामुळेही गोधडी घरोघर आवश्यक ठरली. परभणीत उन्हाळा अतिशय कडक असला तरी डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आल्यास किमान तापमान काही वर्षी पाच अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. हिवाळ्यात पांघरण्यास दोन गोधड्या आणि उन्हाळ्यात अंगणात अंथरण्यास एक, असा तिचा बारमाही उपयोग असतो.

साहित्य

गोधडीचे मुख्य साहित्य म्हणजे जुने सुती कापड. अनेक वेळा धुतलेल्या कापडातील खळ निघून गेलेली असते, त्याचे धागे मऊ झालेले असतात आणि सुई त्यातून सहज जाते. यामुळे नव्या कापडाची गोधडी जड आणि ताठर होते, तर जुन्या कापडाची अंगाला बिलगते. वरच्या व खालच्या बाजूस तुलनेने धड असलेले लुगडे किंवा साडी वापरतात. मधल्या थरांत धोतर, सदरे, परकर, फाटक्या चादरी आणि उरलेल्या चिंध्या घालतात. साडीचे काठ मजबूत असल्याने ते उसवून काढून कडेच्या गोटासाठी वापरले जातात.

गोधडीचे आकारमान मूळ वस्त्राच्या लांबीशी बांधलेले असते. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असते. त्याची चार पदरी घडी घातली की सुमारे दोन मीटर लांब आणि मीटरभराहून थोडी अधिक रुंद अशी एका माणसाला पुरणारी चौघडी तयार होते. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर असल्याने तिची चार पदरी घडी प्रौढ माणसाला अपुरी पडते. त्यामुळे ती तीन पदरी घडी घालून किंवा इतर कापड जोडून वापरावी लागते. ग्रामीण स्त्रियांच्या पोशाखात नऊवारीची जागा सहावारीने घेतल्यावर गोधडीची मांडणीही अशी बदलली.

पूर्वी शिवणीसाठी जुन्या लुगड्याच्या काठांतून काढलेला दोरा पीळ देऊन वापरीत. आता रिळाचा जाड सुती दोरा वापरला जातो. त्याखेरीज लांब सुई, कात्री आणि कापड ताणून धरण्यासाठी कडेला ठेवायचे दगड किंवा तांबे एवढीच साधने लागतात. वीज, यंत्र किंवा स्वतंत्र कार्यशाळा यांची गरज नसते.

शिवण्याची पद्धत

जमलेले कापड प्रथम गरम पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवतात. त्यानंतर शिवण, गुंड्या व नाड्या काढून कपडे सपाट केले जातात. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर खालचे कापड ताणून अंथरतात. त्यावर मधले थर असे रचले जातात की एका थरातील जोड दुसऱ्या थरातील जोडावर येऊ नये, कारण तसे झाल्यास गोधडी त्या जागी लवकर फाटते. कोठे कापड विरळ असेल तेथे चिंध्या घालून जाडी सारखी केली जाते. सर्वांत वर दर्शनी कापड घालतात.

थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालतात. मग कडा आत मुडपून चारही बाजू शिवून घेतल्या जातात. प्रत्यक्ष शिवण धावदोऱ्याने होते. एका कोपऱ्यापासून प्रारंभ करून कडेला समांतर ओळी घालीत मध्याकडे जाणे, ही सर्वाधिक प्रचलित रीत आहे. त्यामुळे चौकोनात चौकोन अशी नक्षी आपोआप उमटते. काही स्त्रिया एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओळी घालतात. ओळींमधील अंतर जितके कमी, तितकी गोधडी टिकाऊ होते आणि तितकेच श्रम वाढतात. उत्तम गोधडीत दोन ओळींमधील अंतर बोटाच्या रुंदीहूनही कमी असते. टाके वरून व खालून सारखे दिसणे ही कसबाची खूण मानली जाते.

मोठ्या गोधडीभोवती दोन ते चार स्त्रिया बसून चारी बाजूंनी शिवत आत येतात. एकट्या स्त्रीने घरकाम व शेतीकाम सांभाळून शिवल्यास एका मोठ्या गोधडीला काही आठवडे लागतात. जुनी गोधडी विरली की तिच्यावर नव्या साडीचे आवरण चढवून ती पुन्हा शिवली जाते. अशा रीतीने एकाच गोधडीच्या पोटात दोन-तीन पिढ्यांची वस्त्रे सापडतात.

कामाचा हंगाम

गोधडीकाम शेतीच्या वेळापत्रकानुसार चालते. रब्बीची ज्वारी व हरभरा घरी आल्यावर आणि मृगाच्या पेरण्या सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः फाल्गुन ते वैशाख या काळात, स्त्रियांना दुपारी थोडी उसंत मिळते. कडक उन्हामुळे कापड वाळवणेही सोपे जाते. कापूस वेचणीच्या काळात मात्र हे काम जवळजवळ थांबते. घटस्थापनेपूर्वी घराची साफसफाई करताना घरातील सर्व गोधड्या नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. भिजलेली गोधडी अत्यंत जड होत असल्याने ती पिळण्यास दोघी लागतात.

सामाजिक व सांस्कृतिक स्थान

नवजात बालकासाठी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या मऊ लुगड्याचे दुपटे शिवण्याची पद्धत आहे. मऊपणाच्या व्यावहारिक कारणाबरोबरच त्यामागे वडीलधाऱ्यांची माया व आशीर्वाद बाळाला लाभावा, ही भावना असते. दिवंगत आई किंवा आजी यांची लुगडी गोधडीत घालून जपली जातात. लग्नात मुलीला द्यायच्या सामानातही गोधड्यांचा समावेश होई.

गोधडीचा दुसरा संबंध स्थलांतराशी आहे. परभणी जिल्ह्यातील अनेक भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्या बिऱ्हाडात भांड्यांबरोबर गोधड्यांचे गाठोडे असतेच. उसाच्या फडाजवळील कोपीत अंथरूण, पांघरूण आणि प्रसंगी दाराचा आडोसा अशी तिन्ही कामे गोधडी करते.

ठिगळे जोडून केलेल्या वस्त्राला भारतीय परंपरेत विरक्तीचाही अर्थ आहे. बौद्ध भिक्षूंच्या पांसुकूल चीवरात टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडलेले असत आणि नाथपंथी जोग्यांची कंथा ही अशीच ठिगळांची असे. लोकव्यवहारात मात्र गोधडी गरिबीचे लक्षण समजली गेली. पाहुण्यांपुढे विकतची चादर आणि घरच्यांना गोधडी, असा भेद अनेक घरांत केला जाई. आधुनिक मराठी कवितेत तिला मायेचे प्रतीक म्हणून स्थान मिळाले. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शालेय पाठ्यपुस्तकामुळे विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे.

बंजारा भरतकामाशी संबंध

जिल्ह्यातील जिंतूर व गंगाखेड तालुक्यांच्या डोंगराळ भागात बंजारा समाजाचे तांडे आहेत. बंजारा स्त्रियांचा फेटिया (घागरा), काचळी (चोळी) आणि टुकरी (ओढणी) हा पोशाख आरसे, कवड्या, नाणी आणि रंगीत दोऱ्यांच्या दाट भरतकामासाठी ओळखला जातो. या भरतकामातही कापडाचे थर एकत्र शिवून बळकट पाया तयार करणे आणि तुकडे जोडून नक्षी साधणे या क्रिया असल्याने गोधडीकामाशी त्याचे तांत्रिक नाते आहे. दैनंदिन पोशाख म्हणून या वस्त्रांचा वापर तरुण पिढीत कमी झाला असून तो तीज, होळी व विवाह अशा प्रसंगांपुरता उरला आहे. त्यामुळे पिशव्या, बटवे, तोरणे व उशांचे अभ्रे यांवर हे भरतकाम करून विकण्याचा मार्ग पुढे आला. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० बैठकीच्या निमित्ताने ४५० हून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन भरले आणि त्याची गिनीज विश्वविक्रम म्हणून नोंद झाली.

घरकामाकडून उपजीविकेकडे

गोधडी शिवून देऊन पैसे मिळवण्याची पद्धत अगदी नवी नाही. दारोदार फिरून, मालकिणीने दिलेल्या कापडाची गोधडी तिच्याच ओसरीवर शिवून देणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्राच्या गावांत व शहरांत पूर्वीपासून दिसत. त्यांना धान्य, जुने कपडे आणि थोडी रोख रक्कम मिळे. परंतु हे काम अत्यंत अल्प मोबदल्याचे होते व ते करणाऱ्या स्त्रिया बहुधा निराधार किंवा भटक्या समाजातील असत.

संघटित प्रयत्नांना बचत गटांमुळे चालना मिळाली. महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने झाली. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने २००७ पासून राबवलेल्या तेजस्विनी कार्यक्रमातून माविमने राज्यभर बचत गटांचे जाळे उभारले आणि गटांना आधार देणारी लोकसंचलित साधन केंद्रे स्थापन केली. २०११ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजेच ‘उमेद’मध्ये, समूह, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ अशी रचना आहे. या समूहांना बँक कर्ज, प्रशिक्षण आणि प्रदर्शनांत विक्रीची संधी मिळते. मुंबईत भरणारे ‘महालक्ष्मी सरस’ हे त्यांपैकी मोठे प्रदर्शन असून राज्यभरातील समूह तेथे खाद्यपदार्थांसह हस्तकलेच्या वस्तू विकतात.

परभणी कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय पूर्वी गृहविज्ञान महाविद्यालय या नावाने ओळखले जाई. तेथे वस्त्रशास्त्र व परिधान हा अध्यापनाचा विषय असल्याने शास्त्रीय ज्ञान आणि ग्रामीण कसब यांचा मेळ घालण्याची सोय जिल्ह्यातच उपलब्ध आहे. रंगाचा पक्केपणा तपासणे, कापडाची निवड, मोजमापातील सारखेपणा आणि धुण्याविषयीच्या सूचना या बाबी घरगुती गोधडीत महत्त्वाच्या नसतात. विक्रीच्या गोधडीत मात्र त्या निर्णायक ठरतात.

कारागीर म्हणून नोंद

शासकीय योजनांचा लाभ मिळण्यासाठी कारागीर म्हणून नोंद असणे आवश्यक असते. केंद्र शासनाच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘पहचान’ ओळखपत्राचा उपक्रम सुरू केला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. या योजनेत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा उल्लेख असला तरी गोधडीकामाचा स्वतंत्र उल्लेख नाही.

हातमाग गणनेतही गोधडीकाम येत नाही, कारण त्यात माग वापरला जात नाही. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत (२०१९-२०) देशात सुमारे ३५ लाख विणकर व पूरक कामगार आढळले आणि त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. सुईने काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रिया या संख्येबाहेर राहतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. स्वतःच्या कुटुंबासाठी शिवलेली गोधडी रूढ समजुतीनुसार याच घरकामात मोडते. त्यामुळे तीच गोधडी विकायला काढली तरी तिची किंमत ठरवताना श्रमांचे तास धरण्याची सवय शिवणारीला नसते आणि घेणाऱ्यालाही नसते.

मोबदल्याचा प्रश्न

हस्तशिवणीच्या गोधडीत साहित्याचा खर्च कमी आणि श्रम अधिक असतात. उदाहरणादाखल, एका गोधडीला ६० तास लागले, दोरा व पूरक कापड यांवर ३०० रुपये खर्च झाले आणि ती १,५०० रुपयांना विकली गेली असे धरल्यास शिवणारीच्या हाती १,२०० रुपये राहतात. म्हणजे तासाला २० रुपये आणि आठ तासांच्या दिवसाला १६० रुपये पडतात. महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेचा २०२५-२६ साठीचा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ६० तासांची, म्हणजे साडेसात दिवसांची, मजुरी २,३४० रुपये होते. साहित्यासह अशा गोधडीची किंमत वाहतूक, प्रदर्शनाचा खर्च किंवा विक्रेत्याचे कमिशन न धरताही २,६४० रुपये व्हायला हवी.

स्थानिक आठवडी बाजारात ही किंमत मिळणे कठीण असते, कारण तेथे तिची स्पर्धा यंत्रावर काही तासांत शिवलेल्या गोधडीशी आणि पानिपत येथून येणाऱ्या स्वस्त कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटांशी असते. महानगरांतील ग्राहक अधिक किंमत देतो. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचताना मध्यस्थांची साखळी वाढते आणि विक्रीमूल्यातील वाढ कारागिरापर्यंत पोहोचतेच असे नाही.

यावर वेगवेगळ्या ठिकाणच्या हस्तकला संघटनांनी काही उपाय योजले आहेत. नगाऐवजी टाक्यांच्या घनतेनुसार मजुरी ठरवणे, मोठ्या गोधडीबरोबर दुपटी, आसने व पिशव्या अशा लवकर विकल्या जाणाऱ्या लहान वस्तू करणे, मागणीची आगाऊ रक्कम घेणे आणि कारागिरांनाच संस्थेचे भागधारक करणे हे त्यांतील प्रमुख होत. कच्छमध्ये १९६९ मध्ये चंदाबेन श्रॉफ यांनी सुरू केलेल्या ‘सृजन’ या संस्थेने स्त्रियांना घरी बसून भरतकाम करता यावे आणि त्याची मजुरी थेट त्यांच्या हाती पडावी, ही पद्धत रूढ केली. ग्रामीण स्त्रियांच्या सुईकामाला प्रतिष्ठेचे उत्पन्न मिळू शकते याचे ते प्रारंभीचे उदाहरण मानले जाते.

पर्यावरणीय पैलू

गोधडी हे पुनर्वापराचे जुने उदाहरण आहे. तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही, नव्याने सूत रंगवावे लागत नाही आणि शिवण्यास वीज लागत नाही. वस्त्र, मग गोधडी, मग पायपुसणे वा पोतेरे आणि शेवटी मातीत मिसळणारी चिंधी असा सुती कापडाचा प्रवास होतो.

हा लाभ मूळ कापड सुती असण्यावर अवलंबून आहे. गेल्या काही दशकांत ग्रामीण बाजारपेठेत कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे प्राबल्य वाढले आहे. त्या स्वस्त, टिकाऊ व लवकर वाळणाऱ्या असल्याने शेतात राबणाऱ्या स्त्रियांना सोयीच्या वाटतात. परंतु त्यांची गोधडी घाम शोषत नाही, उन्हाळ्यात तापते आणि थर शिवताना घसरतात. आगीजवळ कृत्रिम धागा वितळून अंगाला चिकटण्याचाही धोका असतो. जुने सुती कापड दुर्मीळ झाल्याने काही उत्पादक नवे कापड विकत घेऊन गोधड्या करतात. अशा गोधडीत हस्तकौशल्य टिकते, पण पुनर्वापराचा दावा उरत नाही. विक्रीच्या वेळी हा फरक स्पष्ट सांगणे ग्राहकाच्या व कारागिराच्या दोघांच्याही हिताचे असते.

इतर प्रांतांतील समांतर परंपरा

जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने शिवण्याची कला भारतीय उपखंडात सर्वत्र आढळते. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, राजस्थान व उत्तर भारतातील गुदडी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची कवंदी या तिच्या प्रसिद्ध शाखा होत. बिहारच्या सुजनीला २००६ मध्ये आणि पश्चिम बंगालच्या नक्षी कांथ्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील वस्त्रांपैकी पैठणी व सोलापुरी चादर यांना असे मानांकन आहे. ही दोन्ही वस्त्रे विशिष्ट गावांशी व मागांशी जोडलेली आहेत. गोधडी राज्याच्या बहुतेक सर्व जिल्ह्यांत शिवली जात असल्याने तिचे एकच उगमस्थान दाखवणे अवघड आहे.

कांथा व सुजनीवर चित्रमय भरतकाम असते. मराठवाड्यातील गोधडी प्रामुख्याने उपयोगाची वस्तू राहिल्याने तिची शोभा कापडांच्या रंगसंगतीत, ठिगळांच्या मांडणीत आणि टाक्यांच्या ओळींत असते. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांचा शोध घेऊन त्यांवर सचित्र इंग्रजी पुस्तक लिहिले आहे. पॅट्रिक फिन यांच्या भारतीय गोधड्यांवरील ग्रंथात अशा विविध प्रांतीय परंपरांचा परिचय आढळतो.

आव्हाने

गोधडीकामापुढील अडचणी परस्परांशी निगडित आहेत. ऊसतोडीसाठी गेलेल्या स्त्रिया वर्षातील जवळपास सहा महिने गावात नसतात. त्यामुळे गटाच्या बैठका, बचत व उत्पादन यांत खंड पडतो आणि प्रदर्शनांचा हिवाळी हंगाम नेमका याच काळात येतो. बारीक शिवणकाम अपुऱ्या उजेडात केल्याने डोळ्यांवर ताण येतो. जमिनीवर वाकून बसल्याने पाठ, मान व गुडघे दुखतात. शिकलेल्या मुली हे काम कमी उत्पन्नाचे म्हणून टाळतात आणि कसबी पिढी वृद्ध होत चालली आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण मराठीत काटकसरीचा उपदेश म्हणून वापरली जाते. ते अंथरूण शिवणारीच्या श्रमांचे मोल मात्र घरगुती हिशेबात क्वचितच धरले गेले. शिवण्यास लागलेल्या तासांची नोंद गटाच्या वहीत ठेवणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. ती नोंद असेल तर दर ठरवताना, कर्ज मागताना आणि कारागीर म्हणून ओळखपत्रासाठी अर्ज करताना दाखवण्यास लेखी आधार मिळतो.

हे सुद्धा पहा

परभणी जिल्हा
बचत गट
महिला आर्थिक विकास महामंडळ
बंजारा समाज
कांथा
पैठणी
सोलापुरी चादर
घोंगडी